स्वस्तातला टॅब: कुळागरात, पावसात आणि विंगेत

दहा-बारा हजारांत मिळणाऱ्या टॅबला दोन कामं नेमून द्यावीत, तिसरं सांगू नये. माझा टॅब सकाळी ई-पेपर दाखवतो आणि उत्सवाच्या दिवसांत नाटकाची संहिता. बस्स. घर सावई-वेऱ्यात कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला लागून, पोफळींच्या सावलीत, त्यामुळे घरात ओल कायमची. आणि गोव्यात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक ठरलेलंच. त्यात मी प्रॉम्प्टिंगला बसतो. स्वस्त यंत्राचा कस पाहायला याहून वाईट दोन जागा मिळायच्या नाहीत. वाड्यावर कुणाचा टॅब बिघडला की तो आधी माझ्याकडे येतो, मग गरज पडली तर फोंड्याला जातो. येणाऱ्याला जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय.

चालूच होत नाही

"टॅब मेलो मरे!" असं म्हणत जो येतो, त्याचा टॅब बहुतेक वेळा मेलेला नसतो, उपाशी असतो. तपासणी नेहमी बाहेरून आत करत जायची, फुकटातल्या गोष्टीपासून महागड्या गोष्टीपर्यंत: आधी भिंतीवरचा सॉकेट, मग चार्जर, मग केबल, मग टॅबचं चार्जिंगचं भोक आणि अगदी शेवटी बॅटरी. त्याच सॉकेटला, त्याच चार्जरने, त्याच केबलने आधी मोबाईल लावून बघा. मोबाईल नीट चार्ज झाला तर तिन्ही निर्दोष सुटले. नाही झाला तर एकेक बदलत जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कुणाचा होता ते कधीच कळत नाही.

बॅटरी साफ रिकामी होऊन टॅब कपाटात पडून राहिला असेल तर चार्जर लावल्या लावल्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही. लिथियम बॅटरी फार खाली गेली की तिचं सर्किट सुरुवातीला अगदी थोडा करंट आत घेतं. माणसं पाच मिनिटं वाट बघतात, प्लग काढतात, पुन्हा लावतात, आणि ते सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तासभर लावून ठेवा आणि दुसऱ्या खोलीत जा. नंतर पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. काही टॅबना त्याबरोबर आवाज कमी करायचं बटणही दाबावं लागतं. चालू असताना गोठून बसलेला टॅबही असाच सुटतो, आणि यात आतलं काही पुसलं जात नाही.

"रात्रभर लावला तरी भरत नाही" ही तक्रार असेल तर चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. साधारण 6000 एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे 22 वॅट-तास. 5 व्होल्ट 2 अँपिअर लिहिलेला चार्जर 10 वॅटचा झाला. तो तीन तासांच्या आसपास काम उरकतो. जुन्या मोबाईलचा 1 अँपिअरचा चार्जर लावलात की वेळ दुप्पट. आणि कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबीला लावलात तर तिथून अडीच वॅट मिळतात. टॅब चालू ठेवून त्यावर काही बघत बसलात तर आकडा वर जायच्याऐवजी खाली येईल. केबलचंही तसंच. बाजारात रस्त्यावर मिळणाऱ्या केबलच्या आत तांब्याची तार केसाएवढी असते, व्होल्टेज वाटेतच पडतं. माझं मत विचाराल तर टॅब स्वस्त घ्या, पण चार्जर-केबल चांगली घ्या. चार्जरवर आयएस 13252 हा आकडा आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो.

चार्जिंगच्या भोकात धागे, धूळ आणि आमच्याकडे मुंग्या सापडतात. टॅब स्विच ऑफ करा, टॉर्च मारून आत बघा, आणि लाकडी टूथपिकने किंवा झाडूच्या सुक्या हिराच्या बारीक टोकाने कडेकडेने कचरा काढा. टाइप-सी असेल तर मधली पट्टी नाजूक असते, तिला टोचू नका. टाचणी, सुई, केसांची पिन यांतलं काहीही आत घालायचं नाही.

बोट न लावता टॅब स्वतःच चालतो

स्क्रीनवर आपोआप काहीतरी उघडतं, कीबोर्ड स्वतःच टाइप करतो, म्हातारी माणसं घाबरतात. आधी चार्जरची पिन काढा. नाच थांबला तर दोष चार्जरचा. हलक्या चार्जरमधून वीज स्वच्छ बाहेर येत नाही आणि टचला ती खरखर बोटासारखी वाटते. काही इन्व्हर्टरवरही हेच होतं: वीज गेली की नाच सुरू, वीज आली की बंद. पिन काढूनही थांबत नसेल तर स्क्रीन कोरड्या सुती कपड्याने पुसा. पावसाळ्यात काचेवर ओलसर थर बसतो, आणि ओल व बोट यांत टचला फरक कळत नाही. स्क्रीनगार्ड कडेला उचलला गेला असेल तर काढून बघा. एवढं करूनही नाच चालूच असेल तर मग तो काचेचा किंवा आतल्या पट्टीचा दोष समजा.

रेंगाळतो, अडकतो

खोक्यावर 64 जीबी लिहिलेलं असतं. त्यातले बरेचसे अँड्रॉइड आणि कंपनीने भरून दिलेली अ‍ॅप्स खातात. उरलेल्या जागेत व्हॉट्सअ‍ॅप शिरतं. "शुभ सकाळ"चे फोटो, चवथीच्या माटोळीचे व्हिडिओ, घुमट आरत्यांच्या क्लिपा, सगळं आपोआप उतरतं आणि तिथेच राहतं. स्टोरेज काठोकाठ भरलं की स्वस्त टॅबची आतली मेमरी लिहायला फार वेळ लावते, आणि आपल्याला वाटतं टॅब म्हातारा झाला. पाच-सहा जीबी कायम मोकळे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. न वापरातली अ‍ॅप्स काढून टाका. जी निघत नाहीत त्यांना 'डिसेबल' हा पर्याय असतो.

'रॅम क्लीनर', 'स्पीड बूस्टर' असली अ‍ॅप्स घालू नका. ती स्वतःच रॅम खातात आणि वर जाहिराती दाखवतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा टॅब रीस्टार्ट करा. थोडी हिंमत असेल तर सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपरचे पर्याय उघडतात. तिथे अ‍ॅनिमेशनचे तीन स्केल असतात, ते अर्ध्यावर आणा. टॅबचा वेग खरा वाढत नाही, पण खिडक्या झटकन उघडतात आणि जीवाचा संताप कमी होतो. तिथल्या बाकी कशाला हात लावू नका.

सगळी अ‍ॅप्स उघडल्या उघडल्या बंद पडायला लागली तर टॅब फेकायला काढू नका. मार्च 2021 मध्ये जगभर असंच झालं होतं. 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' नावाच्या एका भागाचं अपडेट फसलं होतं आणि जीमेलसुद्धा उघडेना. प्ले स्टोअरमध्ये जाऊन तो वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा. एकच अ‍ॅप छळत असेल तर त्याचं कॅशे, म्हणजे त्याने तात्पुरता साठवलेला डेटा, पुसा. कोणतं छळतंय ते कळत नसेल तर सेफ मोड लावा: पॉवरचं बटण दाबून 'पॉवर ऑफ' दिसलं की त्यावर बोट दाबून धरायचं. सेफ मोडमध्ये टॅब नीट चालला तर गुन्हेगार तुम्हीच घातलेलं एखादं अ‍ॅप आहे.

संहिता टॅबवर आणताना

आता माझ्या आवडीचा भाग. आमच्याकडच्या जुन्या संहिता म्हणजे हाताने लिहिलेल्या वह्या किंवा झेरॉक्सची झेरॉक्स. कॉलेजात जाणारा पुतण्या त्यांचे मोबाईलने झकास रंगीत फोटो काढतो, पीडीएफ करतो आणि ती टॅबवर उघडताच टॅब झोपतो. कारण सरळ आहे. 300 डीपीआयचं (म्हणजे इंचाला 300 ठिपके) एक रंगीत ए-फोर पान उघडलं की रॅममध्ये 26 एमबीच्या आसपास जागा घेतं; 150 डीपीआयचं काळं-पांढरं पान जेमतेम सव्वादोन. म्हणजे बारापट फरक, आणि वाचायला दोन्ही सारखीच. स्कॅन करतानाच ग्रे आणि 150 निवडा, समास कापून टाका, आणि अंकागणिक वेगळी फाइल करा. तिसऱ्या अंकात पहिल्या अंकाची पानं रॅममध्ये कशाला हवीत?

कुणी टाइप केलेली संहिता पाठवली आणि टॅबवर ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर फाइल खराब झालेली नाही. ती श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये आहे, आणि तो फाँट टॅबवर नाही. पाठवणाऱ्याला त्याच्याच कॉम्प्युटरवरून पीडीएफ करून द्यायला सांगा. फाँट पीडीएफच्या आत येतो आणि अक्षरं जागच्या जागी दिसतात. युनिकोडमध्ये टाइप केलेली असेल तर हा प्रश्नच येत नाही.

नाटकाच्या दिवशी विंगेत बसायच्या आधी एवढं करतो. एअरप्लेन मोड चालू, कारण नायिका मरत असताना व्हॉट्सअ‍ॅपचं 'टिंग' वाजलं तर प्रेक्षकांआधी दिग्दर्शक मला मारेल. स्क्रीन बंद व्हायची वेळ तीस मिनिटांवर. ऑटो-रोटेट बंद. ब्राइटनेस आपोआप बदलणं बंद, आणि हाताने खाली आणलेला. काळोखात फार उजेड असला तर पहिल्या रांगेला माझं नाक दिसतं. अ‍ॅप पिन केलेलं, म्हणजे चुकून बोट लागून संहिता बंद होत नाही. हा पर्याय सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये असतो. आमची नाटकं रात्री उशिरा सुरू होतात आणि कधी कधी पहाटेपर्यंत चालतात, तेव्हा बॅटरीचा हिशेब ठेवावा लागतो. इथे एक गैरसमज: डार्क मोडने बॅटरी वाचते हे महागड्या ओएलईडी स्क्रीनबाबत खरं. आपल्या टॅबला एलसीडी असतो, त्याचा मागचा दिवा पान काळं असो की पांढरं, तेवढाच जळतो. बॅटरी वाचते ती ब्राइटनेस कमी केल्याने.

आणि संहितेची एक झेरॉक्स खुर्चीखाली ठेवायचीच. टॅबवर भरवसा आहे, पण नट मंडळींवर नाही. ते पानं ओलांडून पुढे उडी मारतात, तेव्हा कागद टॅबपेक्षा लवकर उलटतो.

जून ते सप्टेंबर

कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते त्या घरात टॅब उघडा ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका आणि टॅब थंड असताना आत ठेवा. चार्जिंगला लावलेला टॅब डब्यात नको. एसीच्या खोलीतून थेट बाहेरच्या दमटपणात आणला तर काचेवर पाणी धरतं. कव्हरमध्येच थोडा वेळ राहू द्या, मग उघडा. कव्हरचं म्हणाल तर रेक्झिनचं पावसात चिकट होतं आणि त्याला बुरशी धरते. रबरासारखं सिलिकॉनचं बरं, धुता येतं.

भोकात पाणी गेलं तर काही टॅब स्क्रीनवर तशी सूचना देतात, स्वस्त टॅब बहुधा गप्प राहतो. स्विच ऑफ करा, भोक खाली येईल असा उभा धरून हलकेच झटका, आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. ओलं असताना चार्जर लावलात की पिना हिरवट पडून गंजतात. तांदळात पुरणं ही जुनी समजूत; तांदूळ पंख्यापेक्षा जास्त ओल ओढत नाही, वर त्याची पिठी भोकात जाते. केस वाळवायचं यंत्र नको, चुलीजवळ नको, उन्हात नको.

मिरगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कोसळतात, तेव्हा धोका टॅबला नसतो, त्याला जोडलेल्या वायरीला असतो. ढग गडगडायला लागले की चार्जर सॉकेटमधून उपटायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरचा प्लगही काढा, आणि फायबरऐवजी तांब्याची तार घरात येत असेल तर तीही. वीज गेल्यावर परत येते ती पहिली काही मिनिटं वर-खाली होत येते. दिवा स्थिर झाला की मग चार्जर लावा.

बॅटरी फुगली तर

मागचं झाकण वर आलंय, टेबलावर ठेवल्यावर टॅब डुगडुगतो, स्क्रीनच्या कडेला फट दिसते: चार्जिंग त्या क्षणी बंद. दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्याबरोबर पेटवू तर अजिबात नका. घरातल्या जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून दुकानात न्या. हे टाळायचं तर उशीखाली, गादीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्ज करू नये. उष्णता हीच बॅटरीची मुख्य वैरीण. बरेच दिवस वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून बंद ठेवा.

नेट

चिऱ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय जेमतेम एक खोली ओलांडतं. राउटर चौकात किंवा दाराच्या रेषेत ठेवा. मोबाईलचा हॉटस्पॉट टॅबला दिसतच नसेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 5 गिगाहर्ट्‌झऐवजी 2.4 निवडा, बऱ्याच स्वस्त टॅबना पाचवाला ऐकूच येत नाही. वाय-फाय जोडलेलं आहे पण कुठलीच साइट उघडत नाही आणि 'सर्टिफिकेट'बद्दल काहीतरी येतं, तर तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरली की कधी कधी टॅबचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. तारीख बरोबर केली की साइट उघडतात.

सिनेमे धूसर दिसतात ही तक्रार मात्र नेटची नसते. पुष्कळ स्वस्त टॅबना वाइडवाइनचं, म्हणजे सिनेमांची चोरी रोखणाऱ्या गुगलच्या कुलपाचं, एल-1 प्रमाणपत्र नसतं, एल-3 असतं, आणि मग ओटीटीवाले एचडी चित्र पाठवतच नाहीत. त्याला इलाज नाही.

व्हॉट्सअ‍ॅप टॅबवर जोडलेलं असेल तर मोबाईल चौदा दिवसांतून एकदा तरी उघडावा, नाहीतर टॅबवरचं आपोआप बाहेर पडतं. आणि बँक, यूपीआय टॅबवर नकोच. सिम नसलेल्या टॅबवर यूपीआयची नोंदणी होत नाही, आणि स्वस्त टॅबना सुरक्षेची अपडेट लवकर बंद होतात. पेपर वाचायला त्याने काही बिघडत नाही, पैशांना बिघडतं.

फॅक्टरी रीसेट आणि दुरुस्ती

कंपनीच्या नावावर अडकून पुढे जातच नसेल तर शेवटचा उपाय फॅक्टरी रीसेट. पण आधी टॅबवरचं जीमेल खातं आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून समोर ठेवा. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, बटणांनी रीसेट केल्यावर टॅब जुनंच खातं मागतो, आणि ते आठवलं नाही तर टॅब पाटासारखा पडून राहतो. खातं दुकानदाराने स्वतःच उघडून दिलेलं असेल तर पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो; नवा टॅब घेतल्याच्या दिवशीच स्वतःचं खातं घाला. मेमरी कार्ड आधी काढून घ्या. कार्ड पहिल्यांदा घालताना टॅब विचारतो, सुटं वापरायचं की आतल्या मेमरीत मिसळायचं. नेहमी सुटं निवडा. मिसळलेलं कार्ड त्याच टॅबमध्ये वाचता येतं, दुसरीकडे नाही, आणि रीसेटनंतर तर त्यातही नाही.

फोंड्याच्या बाजारात दुरुस्तीला द्यायचा की नाही याचा माझा हिशेब असा: चार्जिंगचं भोक बदलणं नेहमी परवडतं, बॅटरी नेमक्या मापाची मिळाली तर परवडते, आणि काच व डिस्प्ले एकत्र फुटले असतील तर आधी भाव विचारा, कारण तो टॅबच्या निम्म्या किमतीवर सहज जातो. काम सांगताना बिघाड कागदावर लिहून द्या, जुना भाग परत मागा, आणि पॅटर्न किंवा पिन सांगण्याआधी टॅबमधले आपले फोटो दुसरीकडे हलवा. वॉरंटीत असून विक्रेता टोलवाटोलवी करत असेल तर बिल हाताशी घेऊन 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

2011 साली केंद्र सरकारने 'आकाश' नावाचा टॅब आणला होता. रॅम 256 एमबी, आणि पडदा असा की बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. तो आठवला की आजच्या चार जीबीच्या टॅबवर ओरडताना जीभ थोडी आवरते.

टॅब दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला तर आधी सेटिंगमधून गुगल खातं काढा, मग सेटिंगमधूनच रीसेट करा, या क्रमाने. उलटं केलंत तर घेणारा तुमच्या पासवर्डसाठी रात्री फोन करणार. कार्ड आणि स्क्रीनगार्डचं खोकं तुमच्याकडे ठेवा. चार्जर मात्र त्याच्याबरोबर द्या, नाहीतर तो जुन्या मोबाईलचा लावील आणि "भरत नाही" म्हणत पुन्हा तुमच्याच दारात येईल.